न चाखलेला दुधी

आमच्या घरात आवाज माझा मोठा. हे मी कौतुकानं सांगत नाही आणि लाजूनही नाही, आहे ते आहे. नवऱ्याशी पटलं नाही म्हणून चाळिशीच्या आत औंढ्याला माहेरी परत आले, आणि त्या दिवसापासून कुणाचं ऐकून म्हणून घेतलं नाही. भाऊ माझ्याहून लहान, आंबीला एका कंपनीत पाळीवर जातो. वहिनी म्हणजे गरीब गाय. आई जाऊन बरीच वर्षं झाली. राहता राहिले आबा, माझे वडील, जन्मभर माळवं म्हणजे भाजीपाला पिकवलेले. त्यांना ताळ्यावर आणायचा विडा मी उचलला होता.

त्याला कारण माझी नोकरी. लोणावळ्यातल्या एका निसर्गोपचार केंद्राच्या स्वयंपाकघरात मी अकरा वर्षं काम करतेय. आधी भांडी घासली, मग चिराचिरी केली, आता सगळे रस माझ्याकडे असतात. तिथं आजारी माणसाला पेशंट म्हणायचं नाही, पाहुणे म्हणायचं. हे पाहुणे मुंबई-पुण्याहून येतात, पैसे मोजून उपाशी राहतात, पोटावर ओल्या मातीची पट्टी घेऊन पडतात, तेल लावून अंग चोळून घेतात आणि आठ-दहा दिवसांनी हलके होऊन जातात. मी हे डोळ्यांनी पाहिलंय. खुर्चीतून उठताना कण्हणारी बाई जाताना जिना उतरून गेलेली पाहिलीय. त्यामुळं कुणी मला 'ही सगळी थेरं आहेत' म्हणालं की माझं डोकं फिरतं. अजूनही फिरतं.

दोनेक वर्षांपूर्वी आबांची साखर काठावर आली. डॉक्टरांनी रक्तदाबाची एक गोळी लावून दिली आणि साखरेसाठी म्हणाले, आधी खाण्यापिण्याकडे बघा, मग ठरवू. झालं! मला रान मोकळं मिळालं. चहातली साखर बंद, बिस्किटं बंद, रात्रीचं जेवण दिवेलागणीला. नाचणीची भाकरी, पालेभाजी, ताक. रविवारी तिळाचं तेल कोमट करून त्यांचे गुडघे मी स्वतः चोळायचे. आणि रोज सकाळी अनशापोटी एक पेला दुधीचा रस. आबा कुरकुरायचे. "म्हशीला बी येवढं हिरवं घालत न्हाई कुनी," म्हणायचे. पण सहा महिन्यांत साखर उतरली, पायजम्याची नाडी दोन बोटं आत आली, आणि गावात माझा भाव वधारला. बाया वाटेत अडवून विचारायच्या, माझ्या सांध्यांना काय करू, माझ्या पित्ताला काय करू. मी सांगायचे. सांगताना ओरडायचेही. एका मावशीचा साखरेचा चहा मी तिच्याच मोरीत ओतून दिला होता. ती हसली होती बिचारी. मला वाटायचं, लोकांना माझं पटतंय.

तो शुक्रवार मात्र वाईट उगवला होता. संध्याकाळी कामावरून परतताना फाट्यावरच्या गाडीपाशी आबा दिसले. हातात वडापाव, शेजारी गावातली दोन-तीन जुनी माणसं, हसणं-खिदळणं चाललेलं. मी स्कूटी आडवी घातली आणि चारचौघांत त्यांना असं झापलं, असं झापलं, की वडे तळणारा झारा हातात धरून बघत राहिला. सत्तरी ओलांडलेला माणूस, घाईघाईनं मान हलवत कागद पाठीमागं लपवत होता. "येकच हाय गं बाय," एवढंच म्हणाले. घरी आल्यावरही माझी टकळी थांबली नाही. तुमच्यासाठी मी मरमर मरते, तुम्हाला कदर नाही, पडलात तर काढायचं कुणी, सगळं बोलून झालं. आबा खाली मान घालून भाकरी खात होते. त्यांनी उलट एक शब्द काढला नाही, त्याचाही मला राग आला.

शनिवारी सकाळी उठले तीच फुरंगटून. शनिवार-रविवार केंद्रात पाहुण्यांची झुंबड असते, त्यात मला उशीर झालेला. परसातल्या मांडवावरचा दुधी काढला. हा वेल आम्ही लावलेला नव्हता, उकिरड्याच्या कडेला आपोआप उगवला होता आणि भावानं त्याला मांडवावर चढवून दिला होता. फवारणी नाही, खत नाही. मला त्याचा केवढा अभिमान! केंद्रातल्या बायांना मी सांगत असे, बाजारचं खाऊच नका, माझ्याकडं बघा.

आता इथं एक गोष्ट सांगायलाच हवी. दुधी असो की काकडी, चिरायच्या आधी एक चकती कापून जिभेवर ठेवायची आणि कडू लागली तर अख्खं फळ टाकून द्यायचं, हा आमच्या स्वयंपाकघरातला पहिला नियम. कडू दुधी पोटात गेला तर माणूस मरणाच्या दारात जाऊ शकतो. नव्यानं कामाला येणाऱ्या प्रत्येकीला हे मीच शिकवते. एकीनं न चाखता दुधी चिरला तर मी तिच्या हातातून सुरी काढून घेतली होती. आणि त्या सकाळी आमच्या ओट्यावर मी दुधी सोलला, कापला, मिक्सरला लावला आणि चाखला नाही. घाई होती म्हणून, घरचा होता म्हणून, आणि खरं सांगायचं तर डोक्यात राग होता म्हणून. रोज एक पेला देत असे, त्या दिवशी दोन भरले. कालच्या वड्याची शिक्षा.

आबांनी एक घोट घेतला आणि थांबले.

"कडू हाय गं आज. लय कडू."

"कडू तेच औषध. गोड खाऊनच ही पाळी आलीय. तोंड वाकडं करू नका."

"अगं, पर..."

"पण नाही न् बिण नाही! काल वडा गिळताना नाही आठवलं?"

त्यांनी डोळे मिटून पहिला पेला संपवला. मग दुसरा. मग त्यांची रक्तदाबाची गोळी घेतली. मी पेले मोरीत ठेवले आणि स्कूटी काढली.

साडेआठच्या सुमाराला वहिनीचा फोन आला. मी केंद्रात कोबी चिरत होते. "वन्सं, आबांना दोनदा उलटी झाली. पोटात लय कळ मारतीया. परसाकडंबी पातळ झालंय."

आणि मी काय म्हणाले असेन? हे लिहिताना हात जड होतो, पण लिहिते. मी म्हणाले, "होऊ दे. शरीर घाण बाहेर टाकतंय. कालच्या तेलाची शुद्धी चाललीय. घाबरू नको. पोटावर मातीची पट्टी ठेव आणि काही खायला देऊ नको." आमच्याकडं पाहुण्यांना उपवासात मळमळलं, डोकं धरलं, की असंच सांगतात, आणि पुष्कळदा ते खरंही असतं. अकरा वर्षांत ऐकून ऐकून ते वाक्य माझ्या तोंडात बसलं होतं. फोन ठेवून मी पुन्हा कोबी चिरायला लागले. मनात म्हटलं, बरं झालं, आता वड्याचं नाव घेणार नाहीत.

कोबी झाला, मग दुपारच्या सूपसाठी दुधी घेतला. हात सवयीनं चालतात. चकती कापली, जिभेवर ठेवली. फिक्कट, पाणचट, जसा असावा तसा. आणि तशीच ती चकती तोंडात धरून मी उभी राहिले. लय कडू, लय कडू, आबांचा आवाज कानात. माझ्या पाचावर धारण बसली. सोबतची बाई म्हणाली, "काय झालं हो?" मी चकती थुंकून टाकली.

तेव्हा तरी लगेच फोन करावा की नाही? नाही केला. दोन-तीन मिनिटं मी स्वतःशी हुज्जत घालत राहिले. एवढा काही कडू नसेल. आबांना सगळंच कडू लागतं. तेवढ्यात वहिनीचाच फोन आला, आणि ती रडत होती. "वन्सं, उलटीतनं चहाच्या चोथ्यासारखं काळं पडलं. रगात हाय वाटतं. हात गार पडल्यात त्यांचं. काय करू वो?"

"माती काढ," मी ओरडले. "काढ ती माती! शेजारची ओम्नी थांबवून ठेव. मी आले."

शनिवार. लोणावळ्यात शनिवारी सकाळी रस्ता नावाची वस्तू नसते. बंगल्यांवर येणाऱ्यांच्या गाड्या, चिक्कीच्या दुकानांपुढं तिरक्या लावलेल्या गाड्या, खिडकीतून बाहेर काढलेले मोबाइल. मी स्कूटी फुटपाथवरून घातली, एकाचा आरसा मोडला, तो शिव्या देत राहिला आणि मीही त्याला दिल्या. देवाला म्हणत होते, माझं काय करायचं ते कर, त्यांना हात लावू नको.

घरी पोचले तर आबांना ओम्नीत निजवत होते. ओठ पांढरे. मी स्वयंपाकघरात धावले. उरलेला अर्धा दुधी ओट्यावर होता. जिभेचं टोक लावलं मात्र, कडूपणा थेट घशापर्यंत गेला आणि जाईचना. मी थुंकले, चूळ भरली, पुन्हा थुंकले. दोन पेले! आणि मग मी काय केलं, तर तो अर्धा दुधी उचलून उकिरड्यावर फेकला, वर राख लोटली. कुणी बघत नव्हतं. बाप गाडीत तडफडतोय आणि लेक दुधी लपवतेय. त्या क्षणी मला वाटत होतं की मी ओटा आवरतेय.

लोणावळ्याच्या दवाखान्यात पोचायला अर्ध्या तासाच्या वर वेळ लागला. तरुण डॉक्टरीणबाई होत्या, हाताला चपळ. लगेच सलाईन लावलं, पोट दाबून पाहिलं, विचारलं, "आजोबा, काल बाहेरचं काही खाल्लं होतं?"

आबांनी डोळे उघडले. माझ्याकडं पाहिलं. मग तिच्याकडं बघून म्हणाले, "व्हय. वडा खाल्ला. फाट्यावर. लय त्यालकट व्हता."

"आणि आज सकाळी?"

"न्हाई. आज कायबी न्हाई."

वहिनी माझ्या शेजारी उभी होती. "वन्सं, सकाळचा ज्यूस..." एवढंच हळू आवाजात म्हणाली. मी तिच्याकडं नुसतं पाहिलं. तिनं मान खाली घातली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "खाण्यातली विषबाधा दिसतेय. दोन बाटल्या जाऊ देत, उलट्या थांबल्या तर संध्याकाळी घरी न्या." आणि पुढच्या खाटेकडं गेल्या.

मी बोलले नाही. माझ्यासारखी तोंडाळ बाई, जगाला उपदेश करत फिरणारी, दातखीळ बसल्यासारखी गप्प. मनात काय चाललं होतं ते सांगते, त्यात काही मोठं नाही. गावात तोंड कसं दाखवू? भाऊ काय म्हणेल? केंद्रात कळलं तर अकरा वर्षांवर पाणी. आणि त्याच्या वर एक चोरटी आशा, की आबा तर म्हणालेच वडा, दोन बाटल्यांत बरेही होतील, मग कशाला उगाच. त्यांनी खोटं बोलून मला वाट काढून दिली होती आणि मी त्या वाटेनं मुकाट चालत होते. लाज वाटते. तेव्हाही वाटत होती.

पहिली बाटली संपली. उलटी थांबली नाही, उलट पुन्हा काळं पडलं. परिचारिकेनं दंडाला पट्टा बांधला, सोडला, पुन्हा बांधला, आणि पळत जाऊन डॉक्टरीणबाईंना घेऊन आली. रक्तदाबाचा वरचा आकडा ऐंशीच्याही खाली गेला होता. आबा हाकेला नुसते हुंकार देत होते. बाईंनी मला आणि वहिनीला दाराशी बोलावलं. आवाज खाली आणून म्हणाल्या, "वड्यानं असं होत नाही. खरं सांगा. घरात फवारणीचं औषध वगैरे असतं? काल घरात काही भांडण झालं होतं? आजोबांनी स्वतःहून काही घेतलंय का?"

वहिनी ढसाढसा रडायला लागली. भांडण तर झालंच होतं. अख्ख्या फाट्यानं ऐकलं होतं. माझ्या बापानं माझ्या बोलण्याला कंटाळून विष घेतलं, असं आता कागदावर लिहिलं जाणार होतं, आणि तो माणूस मला वाचवायला वडा वडा करत जीव सोडणार होता.

"मी पाजलं," मी म्हणाले. मोठ्यानं म्हणाले, बाकावरची माणसं वळून बघायला लागली. "दुधीचा रस. कडू होता. ते म्हणाले कडू आहे, तरी मी पाजला. दोन पेले. सकाळी सातला. मी चाखला नव्हता. मला चाखायचं माहीत होतं, रोज चाखते, तरी चाखला नव्हता. फवारणीबिवारणी काही नाही, मी पाजलं."

बाईंनी माझ्याकडं बघितलं ती नजर मी विसरायची नाही. "दोन पेले! आणि हे तुम्ही आत्ता सांगताय?" मग शिव्या घालायलाही त्यांच्याकडं वेळ नव्हता. रक्तदाबाची सकाळची गोळी घेतली होती का, ते विचारलं, दुसऱ्या हाताला आणखी एक सलाईन लावलं, फोनवर फोन सुरू केले. "ह्याला उतारा नसतो," मध्येच मला म्हणाल्या. "आतून जठर सोलवटतं. रक्तदाब सांभाळायचा आणि रक्त थांबायची वाट बघायची. अतिदक्षता विभाग लागेल, इथं नाही." तळेगावच्या बाजूला एका मोठ्या दवाखान्यात खाट मिळाली. अँब्युलन्समध्ये मी त्यांचे पाय चोळत बसले. हातांना दुसरं काही येत नव्हतं. तळवे गारठलेले. माझे हात थांबले की मला वाटायचं, त्यांचा श्वासही थांबेल. कामशेतच्या पुढं सोबतचा माणूस म्हणाला, "ताई, राहू द्या आता, हात दुखतील." मी त्याच्यावरही ओरडले.

चार दिवस काचेच्या पलीकडं. घशातून कॅमेरा घालून पाहिलं, जठराला आतून चट्टेच चट्टे. भाऊ कंपनीतून परस्पर आला. त्याला मीच सगळं सांगितलं, दुधी उकिरड्यावर टाकला तेही. तो बाहेर जाऊन नळाखाली डोकं धरून आला. त्यानं एक थोबाडीत दिली असती तर बरं वाटलं असतं. केंद्रातही फोन करून मी स्वयंपाकघरातल्या सगळ्यांना सांगितलं. कुणी हसलं नाही. एक जण म्हणाली, "तुम्ही न चाखता? तुम्ही?"

तिसऱ्या दिवशी रक्त थांबलं, चौथ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, निभावलं. माझा जीव भांड्यात पडला. पाचव्या दिवशी साध्या वॉर्डात आणलं आणि तांदळाची पातळ पेज द्यायला सांगितलं. वहिनी घरून डब्यात घेऊन आली आणि खाली औषधं आणायला गेली. खाटेपाशी मी आणि आबा दोघंच. गाल बसलेले, दाढी वाढलेली. मी उशी सारखी केली, वाटीत पेज ओतली, आणि मग मला राहवलं नाही.

"आबा, तुम्हाला खरंच कळलं नव्हतं? एवढा कडू होता तो. मी नुसती जीभ लावली तर घसा धरला."

"कळलं व्हतं की," आबा म्हणाले. "जलम माळव्यात गेला माजा. कडू दुधी आमी गुरांफुडं बी टाकत न्हाई. पयल्याच घोटाला कळलं."

"मग? थुंकायचं ना! फेकायचा ना पेला!"

माझा आवाज चढला होता. शेजारच्या खाटेवरचा माणूस वळून बघायला लागला. आबांनी घाईघाईनं मान हलवली, जशी फाट्यावर हलवली होती.

"भ्या वाटलं गं."

"भ्या वाटलं तरी प्यायलात?"

"दुधीचं न्हाई," आबा म्हणाले. "तुजं."

वाटी त्यांच्या हातात दिली. दोन्ही हातांत धरून ते तिच्याकडं बघत बसले. डॉक्टरांनी सांगितलेली, सुनेनं करून आणलेली पेज. मग माझ्या चेहऱ्याकडं बघत माझ्या बापानं मला विचारलं, "पिऊ का?"